सहलीत बोगमाळ्याची विमानेही हवीत

मा. संपादक, स.न.वि.वि.

सहलींचा हंगाम आला की शाळांसाठी एस.टी.ची प्रासंगिक कराराची गाडी बांदा ओलांडते आणि ठरलेल्या वाटेने फिरून येते : मंगेशी, जुन्या गोव्यातली चर्च, मिरामार, परत. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळ्याच्या रस्त्यावर, १९९८पासून नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ते या यादीत क्वचितच दिसते.

नुकताच नातवाला घेऊन तिथे गेलो. आवारात सगळ्यांत मोठे विमान सुपर कॉन्स्टेलेशन. आधी एअर इंडियाचे, मग हवाई दलाचे, शेवटी नौदलाचे. शेपटीवर तीन उभे पंख. एकच ठेवला असता तर तो फार उंच होऊन विमान हँगरमध्ये मावले नसते. नातू तिथेच रमला. मला ओढ सी हॉकची, विमानवाहू बोटीवरच्या लढाऊ विमानाची. बोटीवर जागा कमी, म्हणून त्याचे पंख वर दुमडायची सोय आहे. शेपटीखालचा आकडा डेकवर ताणलेल्या तारेत अडकायचा, तेव्हा कुठे विमान थांबायचे.

४ डिसेंबर हा नौदल दिन कराची हल्ल्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. २०२३ साली तो तारकर्लीला झाला तेव्हा अख्खा जिल्हा लोटला होता. पण १९७१च्या त्याच तारखेला बंगालच्या उपसागरातून ‘विक्रांत’ या विमानवाहू बोटीवरच्या सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला चढवला, तोही बॉयलरला तडा गेल्याने बोटीचा वेग घटलेला असताना. हे मुलांना त्या विमानासमोर उभे करून सांगावे.

विज्ञानाच्या शिक्षकांनी थेट सी हॅरियर गाठावे. २०१६मध्ये निवृत्त झालेल्या या विमानाच्या दोन्ही अंगांना मिळून चार फिरती तोंडे आहेत. इंजिनाचा झोत त्यांतून खाली वळवला की विमान सरळ खाली उतरते. न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर इतका पटत नाही, मी वर्षानुवर्षे शिकवला आहे.

विमाने उघड्यावर आहेत. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस धातूचे काय करतो ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. आपण होडीसुद्धा वर ओढून झापांनी शाकारतो. निदान सर्वांत जुन्या विमानांवर छप्पर यावे, ही नौदलाला विनंती.

आणि मुख्याध्यापकांना एवढेच, की मिरामारचा एक तास कमी करा आणि गाडी बोगमाळ्याकडे वळवा. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.

– एक निवृत्त शिक्षक, कुडाळ