लाल दिवा लागला की गाडी जागेवर बंद करा

संपादक साहेब, नमस्कार.

आर्णीजवळ नागपूर-तुळजापूर हायवेला लागून माझं गॅरेज आहे. लग्नाच्या सिझनमध्ये टोचन करून आणलेल्या गाड्या येतात, इंजिन जाम, आणि ड्रायव्हरला विचारलं की म्हणते लाल दिवा लागला होता पण गाव जवळच होतं म्हणून चालवत आणली. भाऊ, मीटरजवळ तेलाच्या कॅनचं चित्र असलेला तो लाल दिवा म्हणजे इंजिनात ऑईलचं प्रेशरच राह्यलं नाही, मग एक किलोमीटरही चालवू नका, तिथंच बंद करा. अन् ऑईल कमी होत चाललं हे तो दिवा आधी सांगत नाही, बऱ्याच गाड्यात प्रेशर गेल्यावरच लागते, म्हणून हप्त्यातून एकदा तरी बोनट उघडून ऑईल मोजायची पट्टी पाहाच.

गाडी सपाट जागेवर पाहिजे, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑईल इंजिनाच्या खालच्या चेंबरमध्ये उतरते. पट्टी काढा, फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला अन् परत काढा. पहिल्यांदा काढलेली पट्टी वरपर्यंत माखलेली असते, तिच्यावर भरोसा नको. ऑईल पट्टीवरच्या कमीत कमी अन् जास्तीत जास्त या दोन खुणांच्या मधात पाहिजे. बहुतेक कारमध्ये या दोन खुणांत साधारण एक लिटरचा फरक असते, पण लोकं अख्खा डबाच ओततात, म्हणतात जास्त असलेलं बरं. बरं कुठं! क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, त्यात बुडून ताक घुसळल्यासारखा फेस करते, फेसात प्रेशर टिकत नाही, अन् वरून सीलमधून गळती लागते ते वेगळंच. पाव-पाव लिटर टाका, थोडं थांबा, पट्टी पाहा.

आणखी एक, आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते म्हणून कोणी 20डब्ल्यू-50 सारखं जाडं ऑईल टाकायला सांगते. नव्या गाडीला पुस्तकात 5डब्ल्यू-30 हे पातळ ऑईल लिहिलं असेल तर तेच टाका, कंपनीनं गरमीचा विचार करूनच लिहिलं आहे. डिझेल गाडीत ऑईल लवकर काळं होते, त्याला घाबरू नका. पण पट्टीवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर ऑईलमध्ये पाणी गेलं समजा, तशी गाडी चालू करूच नका. आणि घडीघडी ऑईल टाकावं लागते, मागून निळा धूर येते, तर डिक्कीत कॅन घेऊन हिंडण्यापेक्षा मिस्त्रीला पिस्टनच्या रिंगा तपासायला सांगा.

– एक गॅरेजवाला, ता. आर्णी, जि. यवतमाळ