दचकून मागे गेलेला पाय

संपादक महोदय,

सेगा या कंपनीचा ‘राइज ऑफ नाइटमेअर्स’ हा भयगेम सप्टेंबर २०११ मध्ये एक्सबॉक्स ३६० या गेम-कन्सोलवर आला. हातात काही न धरता, अंगाच्या हालचाली टिपणाऱ्या कायनेक्ट या कॅमेऱ्यासमोर उभे राहून अंगानेच खेळायचा हा गेम. आपल्या पुरवणीतले त्याचे कौतुक वाचले. उत्सुकता मलाही आहे, पण चालण्याबद्दल मोठी शंका आहे आणि वाचकांनी पैसे खर्च करण्याआधी ती त्यांच्यापुढे यावी असे वाटते.

या गेममध्ये एक पाय पुढे टाकला की पात्र चालू लागते, मागे घेतला की मागे जाते, खांदे वळवले की वळते. वाचायला सोपे वाटते. पण अंधारातून अचानक काही अंगावर आले की माणूस करतो काय? दचकून मागे सरतो, खांदा फिरवतो, हात तोंडाशी नेतो. बटणाच्या कंट्रोलरवर असे दचकले तरी अंगठा जिथे असतो तिथेच राहतो. इथे मात्र ते दचकणेच हुकूम होऊन बसते. गेम जितका चांगला घाबरवेल, तितका तो हाताबाहेर जाणार! घाबरवल्यानंतरचा अर्धा सेकंद पायांची हालचाल मोजायचीच नाही, अशी काही सोय केली असेल तर उत्तम. नसेल तर खेळणारा भिंतीला जाऊन धडकणार आणि भीतीची जागा वैताग घेणार.

दुसरी अडचण जागेची. एकट्याने खेळायला सहा फूट अंतर पुरते असे सांगतात. कायनेक्टची नजर उभ्या दिशेने ४३ अंशांची आहे. हिशेब केला तर सहा फुटांवर तिला जेमतेम पावणेपाच फूट उंची दिसते. डोके दिसले तर पावले कापली जातात आणि इथे तर चालायचेच पावलांनी. आठ फुटांवर सव्वासहा फूट दिसते, म्हणजे माणूस पुरता मावतो. आता आपल्याकडचा दहा बाय बाराचा हॉल घ्या. टीव्हीचे कपाट दीड फूट, सोफा तीन फूट, उरले साडेसात. आठ फूट होतच नाहीत, शिवाय मागे सरकायला जागा हवीच. सोफा बाजूच्या भिंतीला लावा, टीपॉय आत न्या, कायनेक्ट जमिनीपासून दोन ते सहा फुटांच्या मध्ये ठेवा, पण स्पीकरवर नको, थरथर पोहोचते. उभे राहण्याच्या जागी फरशीवर चिकटपट्टीची खूण करा, कारण खेळताना माणूस नकळत टीव्हीकडे सरकत जातो.

भयगेमला अंधार हवा आणि तो इथे अडत नाही. अंतर मोजायला लागणारे इन्फ्रारेड किरण कायनेक्ट स्वतःच सोडतो. चेहरा ओळखून साइन-इन करायचे असेल तेवढा वेळ दिवा लावा, मग बंद करा. दुपारी खिडकीतून थेट ऊन येत असेल तर मात्र ते किरण त्यात बुडून जातात. शोकेसची काच आणि आरसा झाका. साडी, लुंगी, सैल पायजमा यांत गुडघे सापडत नाहीत.

अंग हलणे आणि ते पडद्यावर दिसणे यांतल्या उशिराचाही विचार करायला हवा. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेतो, त्यातून माणसाचा सांगाडा, म्हणजे सांध्यांच्या जागा, ओळखायचा, मग ते टीव्हीवर उमटायचे. यात सेकंदाचा दहावा भाग सहज उलटून जातो. टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू केल्यास थोडे कमी होते. बोटे तर यंत्राला दिसतच नाहीत. यंत्र माणसाचे जे वीस सांधे टिपते, त्यांत पंजा हा एकच ठिपका, त्यामुळे किल्ली फिरवणे, कडी काढणे हे सारे ढोबळ हातवारेच राहणार.

अंगाने भीती खेळताच येत नाही, असे मी म्हणत नाही. निन्टेंडोच्या वी कन्सोलवरच्या ‘सायलेंट हिल : शॅटर्ड मेमरीज’मध्ये (२००९) हातात धरायचा कंट्रोलर, म्हणजे रिमोट, हीच विजेरी होती. फोन आला की आवाज रिमोटच्याच छोट्या स्पीकरमधून येई आणि तो कानाला लावून ऐकता येई. कानाशी येणारी ती खरखर फार थोड्या गेमना साधली आहे. तिथेच पाठीवर चढलेल्या प्राण्याला झटकायला रिमोट हिसडावा लागे, तेव्हा दिशा चुकीची वाचली जाई आणि सगळी मजा जाई. ‘रेसिडेंट इव्हिल ४’ च्या वी आवृत्तीने (२००७) चालणे अंगठ्याने हलवायच्या छोट्या काठीवर (स्टिकवर) ठेवले, नेम तेवढा रिमोटवर दिला आणि ते चोख जमले.

कायनेक्टला काठी नाही. मग त्याने अंगाकडून थोडेच मागावे : दार हलके ढकलणे, कानांवर हात ठेवणे, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे अगदी हलू नकोस, असे सांगणे. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाला हा कॅमेरा नेमका ओळखतो. चालणे गेमनेच स्वतःहून करावे. बंदुकीच्या आर्केड गेममध्ये सेगाने ते कित्येक वर्षे केले आहे.

गेम अमेरिकी वर्गवारीनुसार १७ व त्यावरच्या वयाच्यांसाठी आहे, हे पालकांनी वेष्टनावर पाहावे. आणि दुकानदाराला आधी तिथेच दहा मिनिटे खेळून दाखवायला सांगावे. लढाईचा प्रसंग नको, एका खोलीतून वळून दुसऱ्या खोलीत जाऊन दाखव म्हणावे.

आपला,
एक वाचक, ठाणे