पुस्तकाची दुसरी बाजू धरणाऱ्या अक्कांस

आदरणीय अक्का,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात तुम्हांस सलाम.

हे पत्र तुम्हांला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचे शिक्षण कन्नड शाळेत झाले, तेही चौथीपर्यंत, आणि देवनागरी अक्षरांशी तुमचा कधी संबंध आला नाही. तरीही मी ते मराठीतच आणि सर्वांसमोर लिहीत आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत ती तुम्हांला ही अक्षरे येत नाहीत याच्याशीच जोडलेली आहे, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या सीमाभागात मराठीत उपासना करणाऱ्या मंडळ्यांतील लोकांनी ती जाणून घ्यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुमचे नाव मात्र लिहीत नाही. ते तुम्हांला आवडणार नाही.

बेळगावच्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा आले तो जुलैतला रविवार होता. पाऊस इतका होता की छत्री असूनही पदर भिजला होता. माझे पती जाऊन सात महिने झाले होते, आणि त्या सात महिन्यांत मी कोणत्याही चर्चची पायरी चढले नव्हते. भावाच्या घरी राहायला आल्यावर वहिनीने आग्रह केला म्हणून आले, पण दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. मध्येच उठून जाता यावे एवढाच विचार होता. पहिले गीत सुरू झाले तेव्हा मी पुस्तक उघडले खरे, पण तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात तुम्ही पुढच्या बायकांच्या बाकांवरून उठलात, गीत चालू असतानाच मधल्या वाटेने शेवटपर्यंत चालत आलात, माझ्या शेजारी बसलात आणि माझ्या हातातल्या पुस्तकाची डावी बाजू धरलीत. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, माझ्याकडे वळून पाहिलेसुद्धा नाही. तुम्ही गात राहिलात. तुमच्या अंगठ्यावर विळीचा एक जुना व्रण आहे. त्या दिवशी मी पानावरच्या ओळींपेक्षा त्या व्रणाकडेच अधिक पाहिले, आणि उपासना संपेपर्यंत उठून गेले नाही.

पुढच्या रविवारी तसेच झाले. तिसऱ्या रविवारी माझ्याकडून चुकून भलतेच पान उघडले गेले, आणि गाणे एक, पान दुसरे असे असताना तुम्ही पानाकडे नजर लावून एकही शब्द न चुकता गात होता. बाहेर व्हरांड्यात मी विचारले तेव्हा तुम्ही सहज म्हणालात, "मला कुठं वाचायला येतंय गं. एकटीनं धरलीस तर हात दुखतील की तुझं, म्हणून धरतो."

अक्का, ते वाक्य मी त्या रात्री पुष्कळ वेळ मनात घोळवले. आपल्या चर्चमध्ये सकाळी मराठी आणि त्यानंतर कन्नड उपासना असते; तुम्ही चाळीस वर्षे दोन्हींना बसता, म्हणून मराठी गीते तुम्हांला तोंडपाठ आहेत. त्या पुस्तकाची तुम्हांला काहीच गरज नव्हती. ते केवळ माझ्यासाठी धरले होते.

ही गोष्ट मला एवढी मोठी का वाटते, ते सांगायचे तर आधीचे थोडे सांगावे लागेल. ज्या तालुक्याच्या गावी आम्ही एकोणीस वर्षे राहिलो, तिथल्या मंडळीचे आम्ही नियमित सभासद होतो. माझे पती साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. गळीत हंगामात रात्रपाळी करूनही ते रविवारी चर्चला चुकत नसत, आणि नाताळात चर्चच्या माळ्यावर चढून तारा लावण्याचे काम त्यांचेच असे. मूत्रपिंडाच्या आजाराने ते चौदा महिने अंथरुणाला खिळले. त्या चौदा महिन्यांत मंडळीचे लोक एकदा आले. पाचजण आले, उभ्याउभ्या प्रार्थना केली, आणि त्यांतील एका वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या एका पुढाऱ्यांनी, निघताना दारात मला म्हटले की घरात कुठेतरी विश्वासाची उणीव असेल, ती शोधा. पती गेल्यावर मी चर्चला जाणे थांबवले. मी का येत नाही, हे कोणी विचारायला आले नाही. तीन महिन्यांनी एक चिठ्ठी आली. ती वार्षिक वर्गणी थकल्याची होती.

हे मी कडवटपणाने लिहीत असेन तर देवाने मला क्षमा करावी, पण ते घडले आहे. त्याच चौदा महिन्यांत आम्ही उपचारांसाठी मिरजेला गेलो की माझ्या मुलीला जेवू घालणाऱ्या आणि नळाला पाणी आले की आमच्या घागरी आपल्या घागरींआधी भरून ठेवणाऱ्या शेजारच्या चाची मुसलमान होत्या. मिरजेच्या बसचा एक कंडक्टर माझ्या पतींना दाराजवळची जागा मिळावी म्हणून दरवेळी कोणाला तरी विनंती करून उठवीत असे. त्याचे नाव मला आजही माहीत नाही. चांगुलपणा देवाने किती ठिकाणी पेरून ठेवला आहे हे त्या काळात मला दिसले, आणि म्हणूनच तो आपल्या माणसांत दिसला नाही याचे दुःख अधिक झाले.

बायबलातील दुःखी ईयोबाच्या मित्रांची गोष्ट आपण सारे जाणतो. त्यांना दोष देण्याची आपल्याला सवय आहे, पण ते प्रथम आले तेव्हा त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत, हे आपण विसरतो. त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांनी पाहिले होते. तेवढे सात दिवस ते खरे मित्र होते. बिघडले ते तोंड उघडून दुःखाचे कारण सांगू लागल्यावर. आमच्या घरी आलेल्या पाचजणांना मी त्या सात दिवसांपैकी एक तासच मागितला असता.

गेल्या महिन्यातल्या संयुक्त उपासनेत पाळकांनी बायबलातील, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील अकरावे वचन घेतले होते. तुम्ही तिथे होता. उपदेश एक वाक्य मराठीत आणि एक कन्नडमध्ये असा चालला होता. एकमेकांची उन्नती करा असे आपले मराठी शास्त्र म्हणते. तुमच्या कन्नड शास्त्रात तिथे भक्तिवृद्धी हा शब्द आहे. आणि ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने मूळ ग्रीकमध्ये जो शब्द वापरला तो घर बांधण्याचा आहे, असे पाळकांनी सांगितले. मराठीत आपण वर जातो, कन्नडमध्ये वाढतो, ग्रीकमध्ये एकावर एक दगड रचले जातो. हे ऐकून मला फार आनंद झाला, कारण यांतील कोणतेच काम माणसाला एकट्याने स्वतःसाठी करता येत नाही. पौलाने ते वचन पाळकांसाठी किंवा पंच कमिटीसाठी वेगळे लिहिलेले नाही. सबंध मंडळीला लिहिले आहे. घाबरलेल्याला धीर द्यायचा, अशक्ताला आधार द्यायचा, हे पुढच्या दोन-तीन ओळींतील सांगणेही सर्वांनाच आहे. आमच्या जुन्या मंडळीत मात्र आम्ही सर्वांनी हे काम ठरावाने एका समितीला देऊन टाकले होते, आणि मीही त्या ठरावाला हात वर केला होता.

बांधकामाचा विषय निघाला की मला बायबलातील नहेम्याच्या पुस्तकातील तिसरा अध्याय आठवतो. उपासनेत तो कोणी फारसा वाचत नाही, कारण त्यात नावांची लांबलचक यादी आहे. यरुशलेमेचा कोट पडला होता आणि तो बावन्न दिवसांत पुन्हा उभा राहिला. कोणी बांधला? सोनार होते, सुगंधी द्रव्ये करणारा एकजण होता, एका अधिकाऱ्याच्या बरोबर त्याच्या मुली होत्या, आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. तकोवा गावच्या लोकांनी आपला भाग बांधला, पण त्यांच्यातल्या मोठ्या माणसांनी कामाला मान लावली नाही, अशी नोंद तिथे स्पष्ट आहे. मला धीर देणारी ओळ त्याच अध्यायात पुढे येते: त्याच तकोवकरांनी आणखी एक भाग बांधला. आपले पुढारी खांदा देत नाहीत म्हणून त्यांनी हातातली थापी खाली ठेवली नाही. अक्का, तुम्ही कोणत्याही कमिटीवर नाही, महिला मंडळाच्या पदाधिकारीही नाही. तुम्हांला कोणी माझ्याकडे पाठवले नव्हते. तुमच्या समोर कोट जिथे पडलेला दिसला तिथे तुम्ही येऊन बसलात.

भाषेविषयीही मला लिहिले पाहिजे, कारण आपल्या भागात ती गोष्ट टाळून चालत नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० साली सुरू झाले. म्हणजे आपल्या पूर्वजांनी या मातीत शुभवर्तमान ऐकले त्याला दोन शतके होऊन गेली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सीमेचा प्रश्न आपल्या घराघरांत आहे, आणि तो चर्चच्या दाराबाहेर राहतो असे म्हणणे खरे होणार नाही. संयुक्त उपासना असली की गीते कोणत्या भाषेची किती, सूचना आधी कोणत्या भाषेत, यावर माणसे रुसलेली मी पाहिली आहेत. मराठी ही माझ्या आईची भाषा आहे, मी प्रार्थना तिच्यातच करते आणि मरेपर्यंत करीन. तिचा मान राहावा असे मला वाटते, आणि तसे वाटण्यात मला काही गैर दिसत नाही. परंतु करिंथकरांना लिहिताना पौलाने कोणाला न कळणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द बोललेले बरे म्हटले, आणि मंडळीत जे काही व्हायचे ते उन्नतीसाठी व्हावे हेच माप घालून दिले. त्या मापाने पाहिले तर त्या जुन्या गावी मला दुखावणारे शब्द शुद्ध मराठीत बोलले गेले होते, आणि इथे मला सावरणाऱ्या बाईला मराठीचे एक अक्षर वाचता येत नव्हते. एकोणीस वर्षांत मी स्वतः एकाही कन्नड बहिणीशेजारी जाऊन बसले नव्हते, याची मला आज लाज वाटते.

त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी जे केले त्याची यादी मी करीत नाही. शिवणाची कामे मिळवून दिलीत, शेंगाच्या चटणीचे डबे पाठवलेत, माझ्या मुलीला संडेस्कूलच्या नाटुकलीत घ्यायला लावलेत. एकच गोष्ट लिहिते, कारण ती मला तेव्हा आवडली नव्हती. ऑक्टोबरात एका दुपारी मी तुमच्या ओसरीवर बसून त्या जुन्या मंडळीविषयी, विशेषतः त्या वडिलांविषयी, बोलत होते. तुम्ही बराच वेळ ऐकून घेतलेत आणि मग म्हणालात, "बास की आता. किती दिवस तेच शिळं खातीस?" मला राग आला. दोन आठवड्यांनी त्याच वडिलांची पत्नी आजारी असल्याचे कळले, तेव्हा तुम्ही मला तिथे जायला सांगितलेत, आणि मी जाणार नाही म्हटल्यावर स्वतःची पिशवी घेऊन बसस्टँडवर माझ्याआधी येऊन उभ्या राहिलात.

आपण गेलो. तुम्ही त्या बाईंच्या पायांपाशी बसलात, मी खुर्चीवर बसले. मी फारसे काही बोलले नाही. त्या वडिलांनी माझी क्षमा मागितली नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्या मनातूनही ते वाक्य अजून पुरते पुसलेले नाही. पण चहा झाल्यावर ते आम्हांला सोडायला गल्लीच्या टोकापर्यंत आले, आणि बस येईपर्यंत थांबले, हेही मी नोंदवून ठेवते. परतताना तुम्ही मला एवढेच सांगितलेत की ती माणसे वाईट नाहीत, दुःख असलेल्या घरी कसे बसावे हे त्यांना कोणी दाखवले नाही. त्या क्षणी मला ते पटले नाही. आता पटू लागले आहे. उन्नती म्हणजे गोड बोलणे एवढेच नसते. माझ्या कडवटपणावर बोट ठेवायला जो अधिकार लागतो तो तुम्ही तीन महिने पुस्तकाची एक बाजू धरून मिळवला होता, म्हणून मी रागावूनही तुमच्या मागोमाग बसमध्ये चढले.

अक्का, माझे पती असते तर त्यांनी तुमच्या घरी येऊन स्वतः आभार मानले असते. त्यांच्या वतीने आणि माझ्या मुलीच्या वतीने मी तुम्हांला अंतःकरणापासून धन्यवाद देते.

शनिवारी संध्याकाळी शिवण आटोपले की मी हे पत्र घेऊन तुमच्याकडे येते आणि वाचून दाखवते. पुस्तकी मराठी शब्द जिथे जड वाटतील तिथे मला थांबवा. मी ते कन्नडमध्ये सांगण्याचा प्रयत्न करीन. माझे कन्नड अजून कच्चे आहे, तेव्हा जिथे चुकेल तिथे तुम्ही सुधारून द्या.

तुमची,
शेवटच्या बाकावरची बहीण