दिल्या, तो डाव टर्नवर सोडायचा होतास

नौपाडा, ठाणे
रविवार, 11 जानेवारी 2026

प्रिय दिल्या,

तुझं पत्र आणि डावांचे स्क्रीनशॉट मिळाले. आधी ऐरोलीहून परत येताना गाडीत पाहिले, मग रात्री जेवणं झाल्यावर कागद-पेन घेऊन पुन्हा एकदा. मँचेस्टरच्या थंडीत तू एकटा रात्री-रात्री पोकर खेळतोस हे वाचून काळजी वाटली होती. 5-10 पेन्सचं टेबल आहे कळल्यावर जरा हायसं वाटलं. ‘तीनपत्तीत चाळीत कुणाला ऐकत नव्हतो, मग इथेच का हरतो?’ असं विचारलंयस. मला वाटतं, तीनपत्तीमुळेच हरतोस.

गणपतीत जागरणाला गॅलरीत सतरंजी टाकून बसायचो ते आठव. पाळी आली की चाल तरी टाका, नाहीतर पॅक. पैसे न टाकता डावात राहायची सोयच नव्हती. हातातली तीन पानंही शेवटपर्यंत तीच. आणि समोर एकच गडी उरला की पैसे भरून शो मागायचा, कारण त्याचं पान बघितल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही. त्याच सवयी घेऊन तू होल्डेमला, म्हणजे पोकरच्या या प्रकाराला, बसलायस. इथे चेक करता येतं, म्हणजे पैसे न टाकता डावात राहता येतं, हे तुझ्या हाताला अजून माहीतच नाही. तू पाठवलेल्या डावांत, तुझ्या आधी सगळ्यांनी चेक केलंय आणि तूही केलंयस, असं एकदाच दिसलं.

आता तो डाव, ज्यावर तू दोन पानं लिहिलीस. तुझ्याकडे बदामचा एक्का आणि बदामची दश्शी, जागा बटणावर, म्हणजे फ्लॉपपासून (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांपासून) पुढे सगळ्यांच्या शेवटी बोलायची. तू 30 पेन्स केलेस, फक्त बिग ब्लाइंडवाला (आधीच सक्तीचे 10 पेन्स भरलेला) आला, छोट्या ब्लाइंडचे 5 धरून पॉट, म्हणजे मधली रक्कम, 65. फ्लॉप आला बदाम राजा, बदाम चौकी, इस्पिक नव्वी. त्याने चेक केलं, तू 40 लावलेस. इथे मी तुझ्या बाजूने आहे. बदामची 9 पानं अजून बाहेर आहेत, दोन्ही पानं बघायला मिळाली तर सुमारे 35 टक्के वेळा फ्लश (बदामची पाच पानं) लागतो. त्याने तिथेच पानं टाकली असती तर 65 पेन्स तसेच तुझे. नाही टाकली तरी तुझ्या हातात काहीतरी आहे. चेक करून पुढचं पान फुकट बघणंही चुकीचं नव्हतं, पण मीही बेटच लावली असती.

त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच 40 भरले, पॉट 145. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, चौकट दुर्री, तुझ्या काही कामाची नाही. आणि आता त्यानेच पूर्ण पॉटएवढे, 145 लावले. तू लिहितोस, ‘फ्लश ड्रॉ आहे (फ्लशला एकच पान कमी), सोडवेना.’ इथे थांबून हिशेब करायला हवा होता. समोर 290 पडलेत आणि तुला 145 टाकायचेत. तुझेही धरून 435 होतात, म्हणजे तीनातून एकदा तरी जिंकायला हवं. तुला न दिसलेली पानं 46, त्यातली बदामची 9. साडेएकोणीस टक्के. लागेल तेव्हा रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पानावर, त्याच्याकडून आणखी निदान 3 पाउंड निघणार असतील तर हिशेब बसतो, पण त्याच्यापुढे जेमतेम 1 पाउंड उरला होता! तीन एक्केही धर म्हणशील. सगळे चांगले मानले तरी 12 पानं होतात, आणि त्यालाही तो 1 पाउंड पुरत नाही. शिवाय ते चांगले नव्हतेच. शेवटी त्याने राजा आणि नव्वी, म्हणजे दोन जोड्या, दाखवल्या ना? मग तुझ्या एक्क्याच्या जोडीने काय होणार? एवढंच काय, बदामची नव्वी आली असती तर तुझा फ्लश लागला असता आणि त्याचं फ्लशहून भारी फुल हाउस झालं असतं. म्हणजे खरी 8च पानं तुझी होती. त्याची पानं तुला तेव्हा दिसत नव्हती हे खरं, पण राजावर इतके पैसे लावणाऱ्याकडे काहीतरी भक्कम असू शकतं, एवढं धरायलाच हवं होतं.

रिव्हरला किलवर सत्ती आली, त्याने उरलेला पाउंड लोटला आणि तू नुसत्या एक्क्यावर कॉल केलास. त्यावरून स्वतःला किती बोल लावलेस! अरे, तो 1 पाउंड तुझ्या मनाला लागला कारण तो शेवटचा होता. समोर 5 पाउंड 35 पेन्स होते, सहातून एकदा तो फसवत असता तरी कॉल बरोबर ठरला असता. मी मात्र पानं टाकली असती. कारण फसवायला त्याच्याकडे काय असणार? बहुधा हुकलेला बदामचा ड्रॉ. आणि बदामची दोन मोठी पानं तर तुझ्याच हातात, मग त्याच्याकडे तसा ड्रॉ असायची शक्यता आणखी कमी. तरी ही चूक झालीच असेल तर लहान. खरे पैसे टर्नवर गेले आणि त्याबद्दल तुझ्या पत्रात अर्धी ओळ आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. 2021 च्या लॉकडाऊनमध्ये मी एका रात्रीत 18,000 रुपये घालवले. बायकोला आठवड्याने सांगितलं. पानं काही वाईट नव्हती, ‘इतके टाकलेत, आता कसं सोडायचं’ हाच एक विचार डोक्यात होता. पॉटमध्ये गेलेले पैसे आपले राहिलेले नसतात, हे त्या रात्रीनंतर अंगात भिनलं. म्हणून तुझ्या पत्रातलं ‘हरलो आणि त्याच रात्री परत पैसे भरले’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिथल्या लायसन्सवाल्या साइटवर किती पैसे भरायचे याची मर्यादा घालता येते. ती आजच घाल, प्लीज. इथे ऑगस्ट 2025 च्या कायद्यानंतर पैशांची ऑनलाइन टेबलं बंदच झाली, कौशल्याचा खेळ की नशिबाचा हा भेदही कायद्याने ठेवला नाही. मी फुकटच्या चिप्सवर खेळतो. तिथे कुणी काही सोडत नाही, त्यामुळे ब्लफ शिकता येत नाही, पण किंमत मोजायची सवय टिकते.

दश्शीच्या जोडीचा दुसरा डाव थोडक्यात. बोर्डवर राणी आणि राजा असताना रिव्हरवर तू बेट का लावलीस? तुझ्यापेक्षा हलका हात पैसे देणार नव्हता, आणि भारी हात तुझ्या 50 पेन्सनी पळणार नव्हता. तिथे चेक. शो फुकट होतो रे, तुला हवा तसा!

आणि चार-चार टेबलं एकदम लावू नकोस. पाळी येण्याआधीच चेक-फोल्डवर (जमलं तर चेक, नाहीतर पॅक) टिक करून ठेवतोस तेही बंद कर. बटण क्षणात दाबलं गेलं की समोरच्याला कळतं, तुझ्याकडे काही नाही.

आई तुझी आठवण काढते. गणपतीला येणार असलास तर तिकिटाचं लवकर कळव. सतरंजी अजून आहे, चिंचोकेही आहेत, या वेळी होल्डेम मांडू. तोवर पुढचे दहा डाव पाठव, फक्त ज्यांत तू टर्नवर काहीतरी ठरवलंस तेच. पॉट किती होता, तुला किती भरायचे होते आणि तेव्हा डोक्यात काय चाललं होतं, तिन्ही लिही.

तुझा,
बाळ्या