डिझाइन दाखवताना काय विचारायचं

सातारा

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रानभाज्यांच्या ब्लॉगसाठी तू पाठवलेली तिन्ही डिझाइनं नीट पाहिली. 'टाकळा' हे अक्षरांतलं नाव, ब्राउझरच्या टॅबवर दिसायचं छोटं चिन्ह आणि लिंक पाठवली की उमटणारं आडवं चित्र. घरच्या ग्रुपवर टाकून सगळ्यांची मतं घेणार आहेस, असं तू लिहिलंस. ते अजून करू नकोस. ग्रुपवर पहिला माणूस "मस्त!" म्हणाला की पुढचे सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात, आणि कुणी "लाल कर" म्हणालं की पुढची सगळी चर्चा लालवरच होते. पंधरा जणांचं मत मिळालं असं वाटतं, प्रत्यक्षात मिळालेलं असतं एकाचंच.

मत घ्यायचं ते एकेकाचं, स्वतंत्र, आणि आधीचा काय बोलला ते कळू न देता. एका फेरीला पाच माणसं पुरेत. वीस जणांना एकदम दाखवण्यापेक्षा पाच जणांना दाखव, दोष काढ, मग सुधारलेलं रूप वेगळ्या पाच जणांना दाखव. ठळक दोष पहिल्या पाचांतच बहुतेक बाहेर येतात. उरलेले पंधरा जण तेच पुन्हा सांगतात, आणि दुरुस्तीनंतर दाखवायला कोरी नजर शिल्लक राहत नाही. एकदा पाहिलेल्या माणसाचा डोळा सरावलेला असतो, म्हणून त्याला पुढच्या फेरीत घेऊ नये.

पाच जण निवडताना मैत्रिणींपुरतं थांबू नकोस. रानभाज्या खरोखर ओळखणारं एक माणूस हवंच. आत्या चालेल, तिला कुर्डू आणि टाकळा लांबूनही वेगळे कळतात. शहरात वाढलेलं, हे नाव कधी कानावर न पडलेलं एक हवं. नागपूर-अमरावतीकडचं कुणी मिळालं तर फार बरं, कारण तिकडे याच भाजीला तरोटा म्हणतात. नावावरून त्यांना काही कळतं की खालच्या ओळीचा आधार घ्यावा लागतो, हे पाहता येईल. साठी ओलांडलेलं, चष्मा लावून फोन वाचणारं एक. छोट्या पडद्याचा, स्वस्तातला फोन वापरणारं एक. छपाई किंवा चित्रकला जाणणारं माणूस मात्र शेवटच्या फेरीसाठी राखून ठेव. जाणकार माणूस लगेच उपाय सांगू लागतो, आणि मग साध्या वाचकाचं बोलणंही तू त्याच्याच चष्म्यातून ऐकायला लागशील.

आता विचारायचं काय? "कसं वाटलं?" हा प्रश्न पूर्णपणे सोडून दे. त्याचं उत्तर देताना समोरचा डिझाइनचा नाही, तुझ्या मनाचा विचार करतो. त्याऐवजी त्याला काहीतरी करायला सांग. आडवं चित्र फोनवर पाच सेकंद दाखव, फोन पालथा ठेव आणि विचार: काय लिहिलं होतं? चित्र कशाचं होतं? हे कशाबद्दल असेल? फोनवर सरासर खाली जाणारा वाचक याहून जास्त वेळ देत नाही. नावाची पट्टी दाखवून फक्त "वाचून दाखव" म्हण. कुठे अडतो, कोणत्या अक्षरावर मान पुढे येते, तिकडे लक्ष ठेव. आणि गप्प राहा. "अगं, ते पान आहे" असं तू एकदा बोललीस की त्या माणसाची चाचणी संपली. वाचक ब्लॉग उघडेल तेव्हा शेजारी बसून सांगायला तू असणार नाहीस.

दोन पर्याय दाखवायचे असतील तर त्यांत एकाच गोष्टीचा फरक ठेव. एकात हिरवा रंग आणि जाड अक्षर, दुसऱ्यात पिवळा रंग आणि बारीक अक्षर असं असलं, तर पहिला निवडला म्हणजे नेमकं काय निवडलं हे कळायला मार्ग उरत नाही. दर माणसाला क्रमही बदलून दाखव. आधी पाहिलेल्याकडे काहींचा ओढा असतो, शेवटी पाहिलेल्याकडे काहींचा.

छोट्या चिन्हाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच आहे. टॅबवरचं चिन्ह मुळात १६ × १६ पिक्सेलांचं असतं. दाट पिक्सेलांच्या पडद्यावर ३२ चं चित्र वापरलं जातं, पण ऑफिसातल्या साध्या मॉनिटरवर अजून १६ च. त्यात तू अख्खं 'टाकळा' बसवलं आहेस. तेवढ्या जागेत त्याची नुसती हिरवी पट्टी होते. एकच अक्षर घे. पहिलं म्हणून ट सुचेल, पण तू शिरोरेषा काढून टाकली आहेस, आणि शिरोरेषेविना ट बारीक आकारात इंग्रजी सीसारखा दिसतो. माझं मत ळ ला. मराठी वाचकाला तो दुरूनही आपला वाटतो, आणि त्याचा आकार इतर कुठल्या चिन्हात मिसळत नाही.

ळ ची भीती एवढीच की त्याच्या दोन पोकळ्या बुजतात. म्हणून पिक्सेल मोजून बसव. आडवे धर: डावी भिंत २, पोकळी ३, मधली भिंत २, पोकळी ३, उजवी भिंत २. झाले १२. दोन्ही बाजूंना २-२ मोकळे सोडले की बरोबर १६. उभे धर: दांडी ५, वरची कड २, पोकळी ३, खालची कड २. पुन्हा १२, आणि वर-खाली २-२. म्हणजे जागा पुरते, पण एका पिक्सेलाचीही उधळपट्टी चालत नाही. भिंत ३ ची केलीस की पोकळी २ वर येते आणि अक्षराचा ठिपका होतो. मोठं चित्र यंत्राकडून आपोआप लहान करून घेऊ नकोस. त्यात कडा अर्ध्या पिक्सेलावर पडतात आणि सगळं करडं होतं. १६ च्या चौकटीत ते नव्याने काढ, ३२ साठी वेगळं काढ, आणि फोनच्या मुख्य पडद्यावरच्या १८० व ५१२ च्या चिन्हांसाठी मूळ मोठं रूप वापर.

हे चिन्ह व्हॉट्सॲपवर पाठवून मत मागू नकोस. तिथे ते ताणून मोठं होतं, दाबलंही जातं, आणि लोक "जरा धूसर आहे" म्हणतात तो त्या ताणण्या-दाबण्याचा दोष असतो, तुझ्या अक्षराचा नाही. लॅपटॉपवर दहा टॅब उघड, तुझा मध्ये कुठेतरी ठेव आणि म्हण, "माझा टॅब शोध." मग ब्राउझर गडद रंगावर नेऊन तेच कर. तुझं गडद हिरवं अक्षर पारदर्शक पार्श्वभूमीवर आहे, गडद टॅबवर ते नाहीसं होईल. त्यामुळे मागे भरीव रंग हवाच. आयफोनच्या मुख्य पडद्यासाठीच्या १८० च्या चित्रातही पारदर्शकता ठेवू नकोस, तिथे रिकामी जागा काळी भरली जाते.

रंगाबद्दल मत विचारायच्या आधी मोजून घे. तू टाकळ्याच्या फुलाचा पिवळा घेतलास हे मला आवडलं, पण पांढऱ्यावर त्या पिवळ्याचं कॉन्ट्रास्टचं, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातल्या फरकाचं, प्रमाण १.७ च्या आसपास भरतं. वाचायच्या मजकुराला किमान ४.५ लागतं, मोठ्या अक्षरांना आणि चिन्हांना ३. तोच पिवळा तुझ्या गडद हिरव्यावर ठेवला की साधारण ५.८ मिळतात. म्हणजे रंग बदलायची गरज नाही, जागा बदल: हिरवी पार्श्वभूमी, पिवळा ळ. नंतर सगळं एकदा करड्यात करून पाहा. करड्यातही अक्षर सुटं दिसलं तर लाल-हिरव्यातला फरक न जाणवणाऱ्या वाचकाचीही अडचण होणार नाही. मोजून सुटतं ते मतांवर सोडायचं नाही, लोकांचा वेळ उगाच जातो.

पानाचं चित्र मात्र मोजून सुटणार नाही, तिथे जाणकाराची नजर लागते. तू एका देठावर पर्णिकांच्या दोन जोड्या काढल्या आहेस. चार पर्णिका म्हणजे भुईमूग. टाकळ्याला तीन जोड्या असतात, पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद, गोलसर. सजावटीच्या चित्रात एवढं कोण बघतं, असं म्हणू नकोस. पाहून ओळखायच्या आणि मग खायच्या भाज्यांबद्दल तू लिहिणार आहेस. ज्याला पान ठाऊक आहे त्याला वरच्याच चित्रात भुईमूग दिसला, तर खालच्या माहितीवर तो विश्वास का ठेवेल? आत्याला दाखवताना "हे टाकळ्यासारखं वाटतं का?" असं विचारू नकोस, ती तुझं मन राखून "हो" म्हणेल. नाव झाकून पान दाखव आणि विचार, "हे कशाचं पान?" तिने आपणहून टाकळा म्हटलं तरच ते चित्र बरोबर.

आडव्या चित्राचं माप १२०० × ६३० ठेवलंस ते योग्य. पण फोनवर ते जेमतेम ३०० रुंदीचं दिसतं, म्हणजे चौथ्या हिश्श्याचं. तू खालची ओळ ४० पिक्सेल उंचीची ठेवली आहेस, ती तिथे १० ची होते आणि 'सह्याद्रीतल्या' मधले ह्या, द्री, ल्या एकमेकांत शिरतात. ८० च्या खाली जाऊ नकोस. काही ठिकाणी चित्राचा मधला चौकोनच दाखवतात, तेव्हा नाव आणि पान मधल्या ६३० च्या चौकोनात आलं पाहिजे. प्रोफाइलचं चित्र गोल कापलं जातं. चौकोनाचे साधारण २१ टक्के त्यात जातात, तेही चारही कोपऱ्यांचे. मजकूर मधल्या ७० टक्क्यांत ठेव.

फॉन्ट मुक्ता घेतलास ते ठीक. तो एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा, मुक्त परवान्याचा आहे, पुढे ब्लॉगवरून कमाई झाली तरी अडचण नाही. दोन गोष्टी तपास. ब्लॉगच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदव, हिंदी नको. अनेक फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श त्या नोंदीवरच येतात. आणि एसव्हीजी फाइल, म्हणजे रेषा-आकारांत साठवलेलं चित्र, कुणाला पाठवण्याआधी अक्षरांचं रूपांतर आकारांत कर. नाहीतर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की दुसराच उमटतो, काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, आणि तो माणूस जे डिझाइन तू केलेलंच नाही त्यावर मत देतो.

उत्तरं वहीत लिही, आणि माणसाच्या शब्दांत लिही. "नाव कळलं नाही" असं सारांशाने नको, "टा... टाक... पुढे काय आहे?" असं जसंच्या तसं. लोक तक्रार सांगत नाहीत, उपाय सांगतात. "लाल कर" म्हणणाऱ्याला विचार, "काय दिसलं नाही?" बहुतेक वेळा उत्तर येतं की नाव उठून दिसत नाही, आणि तो रंगाचा नाही, कॉन्ट्रास्टचा किंवा आकाराचा प्रश्न असतो. "अजून काहीतरी हवं" म्हणणाऱ्याला बहुधा नजर कुठे ठेवावी ते कळलेलं नसतं. तिथे भर घालण्यापेक्षा एखादी गोष्ट काढून बघ.

पाचांपैकी तिघे एकाच जागी अडले तर बदल करायचा. एकटाच अडला तर नोंद करून पुढच्या फेरीत तिथे लक्ष ठेवायचं. याला अपवाद दोन: पान चुकलंय असं जाणकाराने सांगितलं, किंवा चष्मेवाल्या माणसाला नाव वाचताच आलं नाही, तर एकाचं म्हणणंही पुरेसं. आवडीनिवडीचं ऐकून घे, पण त्यावरून काही बदलू नकोस. पिवळा भडक वाटतो म्हणणारे भेटतील. टाकळ्याचं फूल पिवळंच असतं, आणि ब्लॉग तुझा आहे. एखाद्या फेरीत कुठलीच अडचण दोघांनी मिळून सांगितली नाही की थांब. दोन-तीन फेऱ्यांत तिथपर्यंत पोचशील.

दुसऱ्या फेरीआधी एक काळजी घे. ब्राउझर टॅबवरचं चिन्ह साठवून ठेवतो आणि व्हॉट्सॲप लिंकचं चित्र साठवून ठेवतं. तू नवं चढवलंस तरी आधी ब्लॉग उघडलेल्या माणसाला कितीतरी दिवस जुनंच दिसू शकतं, आणि तो जुन्यावर मत देईल. दर वेळी फाइलचं नाव बदल, 'टाकळा-२', 'टाकळा-३' असं, आणि कोडमधला पत्ताही त्याप्रमाणे बदल. दाखवण्याआधी ब्राउझरच्या खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकीत स्वतः उघडून खात्री कर.

१६, ३२ आणि १८० ची चित्रं नव्याने काढलीस की मला डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून नको. सोबत वहीच्या पानांचे फोटो पाठव. मी तुझी आई आहे, म्हणून माझं मत पाचांत धरू नकोस.

तुझी,
आई