डिस्क जित्ती शे : धुळ्याच्या भाऊंना आभाराचं पत्र

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय, कारण तुम्ही जे समजावलंत ते आमच्यासारख्या बऱ्याच वाचनालयांच्या आणि शाळांच्या कामाचं आहे.

पारोळा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाचा कारभार डेबियन या लिनक्स प्रणालीवरच्या 'कोहा' या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर चालतो. दाखल नोंदवही, सभासद, रोजची देवघेव, २०२४ साली अमळनेरच्या साहित्य संमेलनातून आणलेल्या पुस्तकांच्या नोंदी, सगळं एका डिस्कवर. ऐन मे महिन्यात व्होल्टेज वरखाली होऊन मदरबोर्ड उडाला. जुन्यासारखा जी-४१ चिपसेटचा बोर्ड मिळेना, म्हणून एच-६१ चिपसेटचा वापरलेला बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा सेट बसवला. डिस्क तीच ठेवली. मशीन सुरू झालं, ग्रबचा, म्हणजे सिस्टम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आला, डेबियनची ओळ निवडली आणि थोड्या वेळाने रूट डिस्क सापडत नाही असं सांगून ते इनिट्रॅमएफएसच्या (सुरू होताना लागणारे ड्रायव्हर ठेवलेल्या छोट्या संचाच्या) प्रॉम्प्टवर अडकलं. दुकानात सांगितलं, डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल. बॅकअप होता, पण त्यानंतर केलेल्या नोंदी हातच्या गेल्या असत्या.

आमच्या एका सभासद गुरुजींनी तुमचा नंबर दिला. ड्यूटीवरून नुकतेच आला होतात, तरी स्क्रीनचा फोटो मागवलात आणि पहिलं वाक्य बोललात, "घाबरू नका, डिस्क जित्ती शे", म्हणजे अहिराणीत, डिस्क जिवंत आहे. हे नुसतं धीर देण्यासाठी नव्हतं, कारणही लगेच सांगितलंत. ग्रबचा मेनू त्याच डिस्कवरून येतो. ग्रब बायोसच्या, म्हणजे बोर्डातल्याच मूळ प्रोग्रामच्या, मदतीने डिस्क वाचतो, म्हणून त्याला ती दिसली. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, एकदा चालू झाला की त्याला डिस्कशी बोलणारा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि तोच त्याच्याकडे नव्हता. प्रॉम्प्टवर पार्टिशनांची यादी काढायला लावलीत, ती रिकामी आली. तुमचा अंदाज बरोबर निघाला.

जुन्या बोर्डावरच्या साध्या आयसीएच-७ चिपमध्ये एएचसीआय, म्हणजे डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत, नव्हतंच, डिस्क जुन्या आयडीई मोडमध्ये 'एटीए-पीक्स' ड्रायव्हरवर चालायची. नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत ठरवणारं सेटिंग) एएचसीआयवर होता. प्रवासाला निघताना पिशवीत एकाच कुलपाची किल्ली घ्यावी, तसं आमच्या इनिट्रॅमएफएसमध्ये फक्त जुन्या कंट्रोलरचा ड्रायव्हर होता. तुम्ही साटा मोड आयडीईवर न्यायला सांगितलंत. सेव्ह करून मशीन चालू केलं आणि कोहा उघडलं, सगळ्या नोंदी जागच्या जागी.

तिथेच फोन ठेवला असतात तरी आमचं काम भागलं असतं. पण तुम्ही थांबला नाहीत, आणि मला खरे आभार मानायचे आहेत ते यासाठी. तुम्ही म्हणालात की पुढचा बोर्ड आणखी नवा असेल, त्यात आयडीईचा पर्यायच नसेल, मग काय करणार? नुसतं इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवून भागणार नाही हेही सांगितलंत, कारण मशीन आयडीईवर चालू असताना 'डेप' (चालू मशीनपुरतेच ड्रायव्हर घेणारं) सेटिंग पुन्हा तोच एक ड्रायव्हर भरणार. आधी सेटिंग 'मोस्ट', म्हणजे बहुतेक सगळे ड्रायव्हर घेणारी, करायची. सेटिंगच्या मुख्य फाइलीत तर 'मोस्ट'च लिहिलेलं! तेव्हा तुम्ही जादा सेटिंगच्या फाइलींचं कॉन्फ-डी फोल्डर उघडायला लावलंत. तिथल्या 'ड्रायव्हर-पॉलिसी' नावाच्या इवल्याशा फाइलीत 'मॉड्यूल्स' पुढे 'डेप' होतं आणि तेच मुख्य फाइलीवर मात करत होतं. इन्स्टॉल करताना फक्त याच मशीनपुरते ड्रायव्हर घ्यायचा पर्याय निवडला की डेबियन ही फाइल टाकतं, हे तुम्हाला तोंडपाठ होतं. ते बदलून सगळ्या कर्नलांसाठी इनिट्रॅमएफएस नव्याने बनवलं. रीस्टार्ट करण्याआधी त्यात एएचसीआय आलंय का ते यादी काढून माझ्याकडून तपासून घेतलंत. मग बायोसमध्ये परत एएचसीआय, आणि मशीन बिनबोभाट सुरू झालं.

नेटवर्क कार्डाचं नाव बदलल्यामुळे वाचन कक्षातल्या संगणकावर कोहा दिसत नव्हतं, तेही इंटरफेसच्या फाइलीतली एक ओळ बदलून तुम्ही मार्गी लावलंत.

एका गोष्टीचं मला फार अप्रूप वाटलं. रिमोटने मशीन ताब्यात घेऊन तुम्ही हे काही मिनिटांत उरकू शकला असतात. तसं न करता प्रत्येक कमांड मला टाइप करायला लावलीत, आणि ती कशासाठी हे आधी सांगितलंत. मी पेशाने ग्रंथपाल, संगणकाचं शिक्षण नाही. तरी आज हे सगळं न अडखळता लिहू शकतोय.

शेजारच्या गावातल्या शाळेचा लिनक्सचा संगणक वारंवार बंद पडतोय, बोर्ड बदलायचं ठरलंय. काल मी तिथे गेलो. जुना बोर्ड चालू आहे तोवर 'मोस्ट' करून इनिट्रॅमएफएस बनवून घेतलं, एएचसीआय आत असल्याची खात्री केली आणि बायोसमध्ये साटा कुठल्या मोडवर आहे ते डब्यावर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवलं. सरांनी विचारलं, हे कुठे शिकलात? तुमचं नाव सांगितलं.

पारोळ्याकडे याल तेव्हा वाचनालयात नक्की या. जेवायला घरीच थांबायचं, भरीत-भाकरीचा बेत ठरलेला आहे.

आपला,
पारोळा तालुक्यातला ग्रंथपाल