खरेदीला पैसा आहे, चाचणीचा खर्च कुणी सोसायचा?

संपादक महोदय,

मानवरहित लष्करी वाहन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे उडणारे ड्रोनच येते, जमिनीवर चालणारी बिनचालकाची गाडी येत नाही. सरकारी पैशाचीही नजर तशीच वर लागलेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी विमाने घ्यायचा करार झाला. नौदलाला १५, भूदल आणि हवाई दलाला प्रत्येकी ८, आणि देखभालीच्या करारासह रक्कम सुमारे ३२ हजार कोटी, म्हणजे विमानामागे हजार कोटींवर. लहान उद्योगांकडून आणि नवउद्योगांकडून संरक्षणाची उपकरणे विकसित करून घेणाऱ्या ‘आयडेक्स’ योजनेला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात, ‘अदिती’ उपयोजना धरून, ४४९.६२ कोटी रुपये होते. वर्षभराच्या सगळ्या देशी प्रयोगांना एका विमानाची निम्मी किंमतही नाही! समुद्रावर पाळत ठेवायला ती विमाने लागणारच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या करारातून एक गोष्ट शिकण्यासारखी होती. परदेशी माल घेताना सरकार देखभालीचा वेगळा करार करते, त्याचे वेगळे पैसे मोजते. जमिनीवरची देशी गाडी घेताना मात्र हा खर्च कुणाच्या तरी नफ्यातून आपोआप निघेल असे धरले जाते.

जमिनीवर चालणाऱ्या मानवरहित गाड्यांची अवस्था तर सावत्र पोरासारखी. ही केवळ आपलीच रीत आहे असेही नाही. अमेरिकी संरक्षण खात्याच्या २०२६ च्या मागणीत स्वयंचलित यंत्रणांसाठी १,३४० कोटी डॉलर होते. त्यातले ९४० कोटी हवेतल्या यंत्रांना आणि जमिनीवरच्या वाहनांना फक्त २१ कोटी. आपल्याकडे २०२१ मध्ये १२० कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना आली, तीही ड्रोन आणि ड्रोनच्या सुट्या भागांपुरती. युक्रेनच्या आघाडीवर मात्र दारूगोळा पुढे न्यायला आणि जखमी मागे आणायला रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या रोज लागत आहेत. पुण्यात १५ जानेवारी २०२५ च्या लष्कर दिनाच्या संचलनात चार पायांची यांत्रिक खेचरे चालली, त्याचे कौतुकही झाले. पण ओझे वाहण्याचे रोजचे काम साध्या पट्ट्यांच्या गाडीचे आहे, आणि ती गाडी बनवण्यातली निम्मी विद्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या कारखान्यांच्या भागात आजही आहे.

कशी, ते हिशेबाने सांगतो. ओझ्यासकट ३०० किलोची गाडी धरा. चिखलमातीत पट्ट्याचा रोध वजनाच्या एक दशांश धरला तर सपाटीवर तिला ३० किलोची ओढ लागते. तीच गाडी ३० अंशांच्या चढाला लागली की १५० किलो चढाचे आणि २६ किलो रोधाचे, अशी १७५ किलोच्या वर ओढ लागते. ताशी ३.६ किलोमीटर वेगाला, मोटर-गिअरबॉक्समधला तोटा धरून, सपाटीवर बॅटरीतून अर्ध्या किलोवॉटच्या आत काम भागते, चढावर अडीच किलोवॉट. म्हणजे ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी माहितीपत्रकात नऊ तास चालते आणि डोंगरात दोन तासही पुरत नाही. दोन्ही पट्टे उलट दिशांना फिरवून गाडी जागच्या जागी वळवली की मऊ जमिनीत चढाइतकाच किंवा त्याहूनही जास्त जोर लागतो. मोटर आणि गिअरबॉक्स सपाटीच्या हिशेबाने निवडलेले असतील तर मोटरला वीज देणारा कंट्रोलर तिथेच तापून बंद पडतो. निविदेत कमाल वेग आणि कमाल ओझे विचारतात. भरल्या ओझ्याने, ओल्या मातीत, सलग पन्नास वेळा जागेवर वळून दाखवा, असे विचारा. पहिली चाळणी तिथेच लागेल.

पट्टा उतरणे हा दुसरा नेहमीचा दोष. सायकलची चेन उतरते तसाच. दातेरी चाक आणि पट्टा यांच्यात चिकणमाती भरत जाते, पट्ट्याचा ताण वाढतो आणि वळताना तो बाजूला फेकला जातो. चाकाला माती बाहेर पडायला खिडक्या ठेवणे आणि ताण देणारे पुढचे चाक स्प्रिंगवर घेणे, एवढ्यावर बरेच भागते. ही सुधारणा चकचकीत प्रयोगशाळेत सुचत नाही. त्याला पंचगंगाकाठची काळी माती आणि गगनबावड्याचा पाऊस लागतो.

पाण्याचे तर आणखी मजेशीर आहे. उपकरणात पाणी शिरत नाही हे सांगणाऱ्या ‘आयपी ६७’ प्रमाणपत्राची चाचणी एक मीटर पाण्यात अर्धा तास होते, पण तेव्हा सर्किटच्या पेटीचे आणि पाण्याचे तापमान जवळपास सारखे ठेवतात. प्रत्यक्षात उन्हात तापलेली पेटी ओढ्याच्या गार पाण्यात शिरते, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. प्रमाणपत्र खरे आणि सर्किट बोर्ड मात्र ओला. पेटीला हवा सोडणारा पण पाणी अडवणारा पडद्याचा व्हेंट लागतो. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये बारीक छिद्रे राहिली असतील तर तोही काही करू शकत नाही. इथे आपल्या फौंड्रीवाल्यांनीही स्वतःकडे पाहावे. आपला हात लोखंडात मुरलेला. एलएम २५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पातळ भिंतीच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, वितळलेल्या धातूतला वायू काढणे, प्रत्येक नगाची हवेच्या दाबाने गळती-चाचणी आणि गरज पडल्यास छिद्रांत रेझिन भरणे, याला पर्याय नाही. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतल्या एका खेपेचा, क्रमांक कास्टिंगवर आणि कागदावर जुळला पाहिजे. संरक्षण खात्याच्या तपासणीत आपले बरेच नग धातूमुळे नव्हे, कागदामुळे परत येतील.

रेडिओच्या पल्ल्याबद्दल निविदेत जे आकडे येतात, ते जोतिबाच्या डोंगरावर उभे राहून खाली गाडी चालवल्यासारखे असतात. २.४ गिगाहर्ट्झवर एक किलोमीटरचा दुवा धरला तर मधोमध नजरेच्या सरळ रेषेभोवती सुमारे साडेपाच मीटर त्रिज्येचा भाग मोकळा असावा लागतो, निदान त्यातला साठ टक्के तरी. गाडीचा अँटेना जमिनीपासून जेमतेम एक मीटर. त्यात मध्ये दहा-बारा फुटी ऊस उभा असेल तर त्यातले पाणी लहरी शोषून घेते. शत्रूने जॅमर लावायच्या आधीच संपर्क तुटतो. चाचणी उसाच्या फडाच्या पलीकडून घ्यावी, ही सूचना आम्ही थट्टेने करत नाही.

आता मूळ दुखणे. संरक्षण खरेदीत अनेकदा चाचण्या ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ तत्त्वावर होतात. नमुना तुमचा, वाहतूक तुमची, माणसे तुमची, लेह-लडाखची उणे वीस अंशांतली फेरीही तुमची, आणि ऑर्डरची हमी नाही. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर सेल कायमचे खराब होतात, म्हणून हीटर आणि वेगळा कंट्रोलर आला. विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाची मिल-स्टँडर्ड ४६१ आणि हवामानाची जेएसएस ५५५५५, या लष्करी मानकांच्या चाचण्या आल्या. त्यात नापास झाले की वायरिंगला नवे शिल्डिंग आणि पुन्हा प्रयोगशाळेची तारीख. मोठी कंपनी हे पचवते. उद्यमनगरातला माणूस दुसऱ्या फेरीलाच मशीन गहाण टाकतो.

एवढे करून ऑर्डर निघते ती किती नगांची? पुण्याजवळच्या दिघीच्या संरक्षण संशोधन आस्थापनेने बनवलेल्या बॉम्ब निकामी करणाऱ्या ‘दक्ष’ची पहिली ऑर्डर २० नगांची होती. समजा गिअरबॉक्स हाउसिंगचा पॅटर्न, कोअरबॉक्स आणि फिक्श्चर मिळून दोन लाख रुपये लागले. २० गाड्यांची ४० हाउसिंगे म्हटली तर नगामागे पाच हजार नुसते साच्याचे. ५०० गाड्या असतील तर तेच दोनशे रुपये. सहा किलोचा नग धरला तर ४० नगांचा सगळा धातू २४० किलो होतो, तेवढ्यासाठी भट्टी लावायला कोण तयार होईल? मग सर्वात कमी दराच्या निविदेत जिंकतो तो, जो आतला अर्धा माल चीनमधून आणतो. परिणाम समोर आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ४०० माल-वाहक ड्रोनचे सुमारे २३० कोटींचे करार चिनी सुट्या भागांमुळे रद्द झाल्याची बातमी आली. त्याच एप्रिलमध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारख्या दुर्मीळ धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. मोटर तापली तरी चुंबकाची ताकद टिकावी म्हणून नेमके हेच धातू लागतात. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली हे चांगलेच, पण तो माल हातात यायला वेळ लागेल.

जून २०२५ मध्ये तातडीच्या खरेदीतून १,९८१.९० कोटींचे १३ करार झाले, त्यात ड्रोनही होते. तातडीची खरेदी लढाईच्या वेळी योग्यच. पण तिच्यावर कारखाना उभा राहत नाही. एकदा माल गेला की पुढची ऑर्डर कधी, कुणाला, कोणत्या ड्रॉइंगवर, काही ठाऊक नसते.

आमची मागणी साधी आहे. एका वजनगटाची गाडी ठरवा, सांगाडा, पट्टे, गिअरबॉक्स यांची ड्रॉइंगे गोठवा आणि तीन वर्षांची दरवर्षीची नगसंख्या आधी जाहीर करा. रेडिओ, कॅमेरा, संगणक हे दर सहा महिन्यांनी बदलते भाग वेगळ्या निविदेत ठेवा, त्यांच्यासाठी अख्खी गाडी अडवू नका. किमतीच्या किमान एक चतुर्थांश रकमेचे सुटे पट्टे, चाके आणि बॅटऱ्या पहिल्याच ऑर्डरीत घ्या. चाचणीला बोलावलेल्या पहिल्या तिघांचा खर्च सरकारने सोसावा, हरले तरी. चाचणी सुविधांसाठी ४०० कोटींची केंद्रीय योजना २०२० मध्ये आली, त्यात ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठरले. मानवरहित हवाई यंत्रणांचे केंद्र त्यातून चेन्नईजवळ गेले. जमिनीवरच्या गाड्यांसाठी चिखलाचा ट्रॅक, पाण्याची टाकी आणि हस्तक्षेप-चाचणीची खोली असलेले केंद्र कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत मागावे, यासाठी जिल्ह्यातले खासदार आणि उद्योजक संघटना यांनी एकत्र बसावे. उरलेले २५ टक्के उभे करणे एकट्यादुकट्याचे काम नाही.

आणि बिले. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे, पण ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. तपासणी अधिकारी कारखान्यात यायलाच दोन महिने लागले तर माल आमच्या दारात, व्याज आमच्या डोक्यावर, आणि कायद्याचा पहिला दिवस उजाडलेलाच नसतो. तपासणीची विनंती नोंदवल्यापासून पंधरा दिवसांत कुणी आले नाही तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य धरावा, एवढी एक ओळ करारात घालायला अर्थसंकल्पातला रुपयाही लागत नाही.

– उद्यमनगरातील काही फौंड्री व मशीनशॉप व्यावसायिक, कोल्हापूर